धूर, अग्नी आणि लॅग

आंतरजालावर अनेक जण मिळून जे खेळ खेळतात त्यांत ‘लॅग’ हा एक सर्वसंचारी शब्द आहे. नेम धरूनही गोळी लागली नाही, लॅग. धावते पात्र अचानक चार पावले मागे खेचले गेले, लॅग. भिंतीआड पोचल्यावर मरण आले, लॅग. सरळसरळ हरलो, तरीही लॅग. ह्या शब्दाचा असा सढळ वापर पाहिला की आम्हांला मराठी समीक्षेतल्या ‘दुर्बोध’ ह्या विशेषणाची आठवण होते. मर्ढेकरांच्या आणि त्यांच्यानंतरच्या नवकवितेला ते लावले गेले तेव्हा त्यात निदान तीन निरनिराळ्या तक्रारी एकत्र कोंबलेल्या होत्या. शब्द अनोळखी आहेत ही एक, प्रतिमांचा परस्परसंबंध लागत नाही ही दुसरी, आणि मुळात अशी कविताच आम्हांला नको ही तिसरी. तिन्हींना द्यायची उत्तरे वेगळी आहेत. परंतु तक्रारच एका शब्दात उरकली गेल्यामुळे उत्तर नेमके कशाला द्यायचे हे ठरेना, आणि वाद लांबत गेला.

संगणकीय खेळांचा विषय साहित्याच्या अभ्यासकांपुढे आम्ही का मांडत आहोत ते ह्यावरून ध्यानात यावे. खेळातील दोष नेमकेपणाने कळवणे हा गद्यलेखनाचाच एक प्रकार आहे. त्याची शिस्त आपल्या वर्गात शिकवता येण्याजोगी आहे. आणि ती शिस्त नसेल तर खेळणाऱ्याचा अनुभव कितीही खरा असला तरी तो बेदखल होतो, असे आमचे मत आहे.

प्रथम हा दोष उद्भवतो कसा ते पाहू. मूळ अडचण भौतिक आहे. काचतंतूच्या केबलमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १००० किलोमीटर अंतरासाठी जाऊन-येऊन १० मिलिसेकंद खर्ची पडतात. मुंबई ते सिंगापूर हे हवाई अंतर सुमारे ३९०० किलोमीटर आहे; तेव्हा सिंगापुरातील सर्व्हरशी मुंबईतल्या खेळाडूचा एक सवालजवाब ३९ मिलिसेकंदांच्या आत होणे अशक्य. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेत राउटर लागतात, घरातले वाय-फाय किंवा मोबाइलचे नेटवर्क आपला वाटा घेते, त्यामुळे हा काळ वाढतो. ह्या जाण्यायेण्याच्या वेळेला खेळाडू ‘पिंग’ म्हणतात. पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवत असेल तर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते. ३९ मिलिसेकंदांत दोन चित्रे येऊन गेलेली असतात, तिसरे चालू असते. बातमी पोचेपर्यंत घटना पुढे सरकलेली असते.

जून १९९६ मध्ये इड सॉफ्टवेअर ह्या अमेरिकन कंपनीचा ‘क्वेक’ हा खेळ आला. त्यात खेळाडूच्या संगणकाला स्वतःचे मत नव्हते. कळ दाबल्याची वर्दी सर्व्हरकडे जाई, सर्व्हर निर्णय घेई, आणि तो परत आल्यावरच पडद्यावर पाऊल पुढे पडे. एका इमारतीतील तारांनी जोडलेल्या संगणकांवर हे ठीक चाले. टेलिफोनच्या मोडेमवरून खेळणाऱ्यांना मात्र प्रत्येक पावलासाठी दोन-तीनशे मिलिसेकंद थांबावे लागे. आपली मूळ रचना वेगवान जोडणी गृहीत धरून केलेली होती, हे तिचे कर्ते जॉन कारमॅक ह्यांनी त्याच वर्षी जाहीर टिपणांत मान्य केले. डिसेंबर १९९६ मध्ये त्यांनी ‘क्वेकवर्ल्ड’ ही सुधारित आवृत्ती दिली. तीत खेळाडूचा संगणक सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता आपल्या पात्राला चालवू लागला. सर्व्हरचे उत्तर नंतर येई. ते अंदाजाशी जुळले तर कोणाला काही कळत नसे. जुळले नाही तर पात्र सर्व्हरने सांगितलेल्या जागी ओढले जाई. धावता धावता मागे खेचले जाण्याचा जो प्रकार आज सर्वत्र दिसतो, ज्याला खेळाडू ‘रबर-बँडिंग’ म्हणतात, तो पुष्कळदा ह्या दुरुस्तीचाच दृश्य परिणाम असतो.

ही झाली आपल्या स्वतःच्या पात्राची गोष्ट. इतरांची हालचाल सर्व्हरकडून तुकड्यातुकड्यांनी येते. ती सलग दिसावी म्हणून संगणक ती मुद्दाम थोडी उशिरा दाखवतो. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ ह्या खेळात हा उशीर सामान्यतः १०० मिलिसेकंदांचा असे. म्हणजे पडद्यावर दिसणारा प्रतिस्पर्धी हा मघाचा प्रतिस्पर्धी असतो. त्याच्यावर नेम धरून झाडलेली गोळी न्यायाने लागावी कशी? व्हॉल्व्ह कंपनीचे यान बर्नियर ह्यांनी २००१ मध्ये एका निबंधात ह्यावरचा उपाय सविस्तर मांडला आहे. गोळी झाडल्याची वर्दी आली की सर्व्हर आपल्या स्मरणातील काळ मागे नेतो, झाडणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होते ते पुन्हा उभे करतो, आणि मग निकाल देतो. झाडणाऱ्याला न्याय मिळतो. मात्र ज्याच्यावर गोळी झाडली तो आपल्या पडद्यावर तोवर भिंतीआड गेलेला असतो, आणि तिथे सुरक्षित असताना त्याला मरण येते. हा विरोधाभास बर्नियर ह्यांनीही नोंदवलेला आहे. दोघांपैकी एकाला अन्याय वाटणे त्यात अटळ आहे; कोणाला वाटावा, एवढीच निवड रचनाकाराच्या हाती उरते.

ह्या रचनेचा अर्थ असा, की एकाच सामन्यात तीन काळ एकत्र नांदत असतात. माझे पात्र सर्व्हरच्या किंचित पुढे धावत असते, माझ्या पडद्यावरचे इतर जण सर्व्हरच्या किंचित मागे असतात, आणि सर्व्हरचा वर्तमान कोणालाच थेट दिसत नाही. दहा खेळाडूंच्या दहा पडद्यांवर एकाच प्रसंगाची दहा कथने चाललेली असतात, आणि त्यांपैकी एकही खोटे नसते. अंतिम शब्द सर्व्हरचा. त्याच्याशी न जुळणारे कथन क्षणार्धात पुसले जाते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती, जी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९६६ मध्ये पूर्ण झाली, तिच्यात संपादकांनी एक पाठ स्वीकारला, परंतु नाकारलेले पाठभेद तळटीपांत जपून ठेवले. उद्या एखाद्याला संपादकांचा निर्णय तपासायचा झाला तर साधन हाताशी आहे. सर्व्हर अशा तळटीपा सहसा ठेवत नाही. खेळाडूने पाहिलेला पाठ खेळाडूनेच लिहून ठेवला नाही तर तो कायमचा गेला. दोष कळवणारे टिपण हे आमच्या दृष्टीने अशा पुसल्या गेलेल्या पाठाची तळटीप आहे.

आता ही तळटीप लिहावी कशी? न्यायशास्त्रातील जुने उदाहरण इथे कामी येते. पर्वतावर धूर दिसतो. त्यावरून तिथे अग्नी आहे असे आपण म्हणतो. धूर हे प्रत्यक्ष, अग्नी हे अनुमान. खेळाडू जेव्हा ‘लॅग आहे’ असे कळवतो तेव्हा तो अग्नीची वर्दी देतो आणि धुराबद्दल चकार शब्द काढत नाही. वास्तविक त्याच्यापाशी ऐवज आहे तो धुराचाच. अग्नी शोधण्याची साधने दुसऱ्याकडे आहेत.

आणि अग्नी एकच नसतो. एकट्याने, कोणी समोर नसताना, नुसती मान वळवली तरी चित्र अडखळत असेल तर बहुधा आपल्याच यंत्राला चित्रे वेळेत काढणे झेपत नाही. नेटवर्कचा संबंध नाही. आपले दृश्य गुळगुळीत वळते पण इतर पात्रे उड्या मारत सरकतात, किंवा आपले पात्र मागे खेचले जाते, तेव्हा संशय नेटवर्कवर जातो: पॅकेटे गहाळ होत असतील किंवा वेळीअवेळी पोचत असतील. सगळ्याच खेळाडूंना एकाच वेळी दारे उशिरा उघडणे, वार उशिरा लागणे असा अनुभव येत असेल तर सर्व्हरच थकला असेल. आणि पिंग स्थिर असून एकाच जागी, एकाच कृतीनंतर पात्र मागे येत असेल, तर खेळाडूचा संगणक आणि सर्व्हर ह्यांच्या नियमांतच काही तफावत असण्याचा संभव आहे. ह्या चौघांना ‘लॅग’ म्हणणे म्हणजे ताप, खोकला, अजीर्ण आणि पायाला लागलेली ठेच ह्या सर्वांना ‘बरे नाही’ म्हणण्यासारखे आहे.

दोन काल्पनिक नमुने शेजारी ठेवून पाहू. पहिला असा: ‘खेळ फारच लॅग होतो. पुलावरून उडी मारता येत नाही. पैसे घेता तर सर्व्हर तरी धड चालवा.’ दुसरा असा: ‘शनिवारी रात्री ९ वाजून १४ मिनिटांनी पुलाच्या उत्तर टोकाकडून धावत येऊन मधल्या खिंडारावरून उडी मारली. माझ्या पडद्यावर मी पलीकडे उतरलो. सुमारे एका सेकंदाने पुन्हा अलीकडे आलो. पिंग ४२ ते ४८ च्या दरम्यान होता. एकंदर १० वेळा करून पाहिले, ७ वेळा असे घडले. न धावता उडी मारल्यास १० पैकी एकदाही घडले नाही. शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या पडद्यावर मी उडी मारलेलीच दिसली नाही.’

दुसऱ्या नमुन्यात ‘लॅग’ हा शब्द नाही, राग नाही, निदानही नाही. तरीही वाचणाऱ्याला अग्नीचा अदमास येऊ लागतो. पिंग स्थिर आहे, म्हणून नुसत्या नेटवर्कवर खापर फोडता येत नाही. धावताना घडते, उभ्याने घडत नाही, म्हणजे वेगाशी संबंध असावा. आणि मित्राच्या पडद्यावर उडीच नाही, म्हणजे उडी मंजूर करण्याच्या टप्प्यावरच सर्व्हरने ती नाकारलेली दिसते. ते शेवटचे वाक्य आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. आपल्या पडद्यापलीकडे दुसरे कथन असू शकते आणि ते विचारून घ्यावे, हे भान त्यात आहे. तीन वेळा असे घडले नाही, ही कबुलीही तितकीच महत्त्वाची. आपल्या म्हणण्याला न पोसणारा पुरावा लपवला नाही, की उरलेल्या पुराव्यावर विश्वास बसतो.

तपशील कोणता ठेवावा आणि कोणता गाळावा हे आधी कळत नाही, ही खरी अडचण आहे. १९९९ च्या अखेरीस आलेल्या ‘क्वेक ३ अरीना’ ह्या खेळाचे उदाहरण बोलके आहे. त्यात पात्राच्या हालचालीचे गणित प्रत्येक चित्रागणिक होई आणि त्यात वेगाचे आकडे पूर्णांकात बसवले जात. परिणाम असा, की सेकंदाला १२५ चित्रे काढणाऱ्या संगणकावरची उडी काही इतर वेगांवरच्या उडीपेक्षा किंचित उंच जाई. एकाच जागी, एकाच कौशल्याने एक खेळाडू वरच्या कठड्यावर पोचे, दुसरा पोचत नसे. ‘कधी कधी उडी पोचत नाही’ ह्या वाक्यातून हे कोणालाही उमगले नसते. चित्रांचा वेग हा वरकरणी उडीशी संबंध नसलेला तपशील शेजारी लिहिला तरच दोन घटनांतला दुवा दिसतो. ‘क्वेक’च्या मालिकेतच वळणदार उड्या मारत नियमापेक्षा वेगाने जाण्याची एक चाल होती. ती मुळात गणितातील त्रुटी. पण खेळाडूंनी ती कमावली, तिच्यात नैपुण्य मिळवले, आणि कालांतराने ती त्या खेळाची शैली ठरली. म्हणून दोष कळवणाऱ्याने ‘हे चूक आहे’ एवढेच म्हणून भागत नाही. काय घडले आणि काय घडावे अशी अपेक्षा होती, हे दोन्ही स्वतंत्रपणे सांगावे लागते. चूक की शैली, हा निवाडा त्यानंतरचा. साहित्याच्या अभ्यासकाला हे नवे नाही. छंदोभंग हा दोष की योजना, हे ठरवण्याआधी तो कुठल्या ओळीत, कितव्या मात्रेवर होतो ते दाखवावेच लागते.

सायमन टॅटम ह्या इंग्रज प्रोग्रामरचा दोष कसे कळवावेत ह्याविषयीचा १९९९ चा एक निबंध ह्या क्षेत्रात अजून वाचला जातो. शक्य तर दोष प्रत्यक्ष घडवून दाखवा, ते शक्य नसेल तर दुसऱ्याला तो घडवता येईल इतके नेमके लिहा, आणि आपले तर्क लक्षणांपासून वेगळे ठेवा, असा त्याचा इत्यर्थ आहे. टॅटम तर्क करायला बंदी घालत नाहीत. तर्काने लक्षणांची जागा घेऊ नये एवढेच त्यांचे मागणे आहे. ह्याहून जुना आणि ह्याहून लहान नमुना हवा असेल तर ९ सप्टेंबर १९४७ रोजीची हार्वर्ड येथील मार्क २ ह्या संगणकाची नोंदवही पाहावी. एका रिलेत पतंग अडकला होता. नोंदीत वेळ आहे, १५:४५. जागा आहे, पॅनेल एफ, रिले क्रमांक ७०. आणि पुरावा म्हणून तो पतंगच पानावर चिकटवलेला आहे. ‘बग’ हा शब्द त्या पानातून जन्मला असे सांगितले जाते, ते खरे नाही. यंत्रातील दोषाला तो शब्द एकोणिसाव्या शतकापासून लावला जात होता. ते पान आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. जपून ठेवावे असेच ते गद्य आहे.

ह्यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. खेळाडू ग्राहक आहे. कंपनीचे फुकट तपासनीस होण्याची जबाबदारी त्याने का घ्यावी? आम्हांला हा आक्षेप निम्मा मान्य आहे. नेमके लिहिण्याची सर्व जबाबदारी पीडितावर टाकून, फॉर्म नीट भरला नाही म्हणून तक्रार फेटाळणे हा जुना सरकारी डाव आहे, आणि खाजगी कंपन्याही तो उत्तम खेळतात. पिंग, गहाळ पॅकेटे, चित्रांचा वेग हे आकडे खेळाडूला पडद्यावर सहज दिसले पाहिजेत. सामन्याची वेळ आणि क्रमांक तक्रारीला आपोआप जोडले गेले पाहिजेत. सर्व्हरनेही आपली साक्ष दिली पाहिजे. आइसलंडच्या सीसीपी कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ ह्या खेळात सर्व्हरवर भार असह्य झाला की खेळातला काळच संथ केला जातो, अगदी एक दशांशापर्यंत, आणि तो किती संथ आहे हे खेळाडूंना पडद्यावर दिसते. जानेवारी २०१४ मध्ये त्या खेळातले एक महायुद्ध सुमारे २१ तास चालले, त्यात साडेसात हजारांहून अधिक पात्रे उतरली, आणि लढाईचा बराच काळ अशा संथ गतीत गेला. ते कंटाळवाणे असेल, पण त्यात फसवणूक नव्हती. आपण दमलो आहोत हे सर्व्हरने लपवले नाही.

उरलेला निम्मा आक्षेप मात्र आम्हांला मान्य नाही, कारण नेमकेपणाचा लाभ प्रथम दुबळ्या पक्षाला होतो. सर्व्हर, त्याच्या नोंदी, अंतिम निकाल हे सारे कंपनीच्या हाती असते. खेळाडूच्या हाती असते फक्त त्याने काय पाहिले ते. ‘लॅग आहे’ ह्या वाक्याला ‘आमच्याकडे सर्व ठीक दिसते’ हे उत्तर देणे सोपे असते. १० पैकी ७ वेळा, धावताना, पुलाच्या उत्तर टोकाकडून, ह्या वाक्याला ते उत्तर देता येत नाही. तिथे कोणाला तरी उठून पुलाच्या उत्तर टोकाकडे जावे लागते. नळाला पाणी कमी येते, वीजबिल अवाच्या सवा येते, प्रवेशाचे संकेतस्थळ ऐन वेळी बंद पडते, अशा ज्या तक्रारी आपले विद्यार्थी पुढे आयुष्यभर करणार आहेत त्यांचीही गत हीच आहे.

आणि इथे आमचा रोख आपल्याच घराकडे वळतो. ‘मी पाहिलेला अपघात’ हा विषय मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या निबंधाला दिला जातो. त्यात विद्यार्थ्याच्या काळजाचे पाणी होते, अंगावर शहारे येतात, नियतीच्या क्रूरतेविषयी दोन वाक्ये येतात, आणि ट्रक कोणत्या बाजूने आला हे कळत नाही. गुण उत्तम मिळतात. पुढे महाविद्यालयात तोच विद्यार्थी कवितेला ‘तरल’ आणि कादंबरीला ‘विदारक’ म्हणतो, ती तरलता कुठल्या शब्दात आहे हे सांगत नाही, आणि तिथेही गुण मिळतात. मग तो रात्री मोबाइलवर खेळायला बसतो आणि ‘लॅग आहे’ असे लिहितो, ह्यात त्याचा दोष किती? निकाल आधी आणि वर्णन जमल्यास, ही सवय त्याला आपणच लावली आहे.

म्हणून शिक्षकांपुढे एक छोटा प्रयोग ठेवतो. वर्गातील दोन विद्यार्थ्यांना एकाच सामन्यात खेळायला सांगावे. त्यातील एका प्रसंगाविषयी प्रत्येकाने एकमेकांना न विचारता सात वाक्ये लिहावीत: वेळ, जागा, केलेली कृती, अपेक्षा, प्रत्यक्षात दिसलेले, किती वेळा, आणि कोणत्या परिस्थितीत घडले नाही. विशेषण एकही नको. तर्क करायचा असेल तर आठव्या वाक्यात, ‘मला वाटते’ असे म्हणून. मग दोन्ही कथने फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. ती जुळणार नाहीत, आणि दोन्ही खरी असतील. कुठे जुळत नाहीत आणि का, ह्यावर उरलेला तास घालवावा. पुढच्या तासाला एखादी कविता घ्यावी आणि तिच्याविषयीही तशीच सात वाक्ये मागावीत.